सुई आणि रोजकीर्द

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि त्याच्या आग्नेयेस लागून असलेली डिचोली हे दोन्ही महाल 1781 ते 1788 या अवधीत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलातून पोर्तुगीजांकडे गेले. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत पोर्तुगीज सत्ता तोवर सव्वादोनशेहून अधिक वर्षे मुरलेली होती. पेडणे-डिचोलीसारख्या नव्या काबिजादींत ती आली तेव्हा तिचा पूर्वीचा धर्मावेश बराच ओसरला होता, आणि त्यामुळे येथील देवालये, उत्सव, मराठी पोथ्या व नाटके यांप्रमाणेच येथील पोशाखही आपल्या वहिवाटीने चालू राहिला. वस्त्रव्यवसायाविषयीच्या लेखाच्या आरंभीच हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, घरी वस्त्रे शिवून विकण्याचा लहानसा उद्योग आज पेडण्यात किंवा डिचोलीत जी व्यक्ती आरंभू पाहते, आणि बहुधा ती एखादी गृहिणीच असते, तिच्यापुढे गिऱ्हाइकांचे दोन सर्वस्वी भिन्न वर्ग उभे असतात, व त्यांपैकी एक वर्ग या इतिहासाने घडवलेला आहे. हरमल, मांद्रे, मोरजी येथील किनाऱ्यावर येणारा परदेशी आणि परप्रांतीय पाहुणा हा पहिला वर्ग. देवळाच्या जत्रेला, चवथीला, भजनी मंडळाला आणि हौशी नाटकाला कपडे लागणारा आतल्या गावांतील गृहस्थ हा दुसरा. नवशिक्याचे सारे लक्ष साहजिकच पहिल्याकडे जाते. माझ्या मते निदान पहिली दोन वर्षे तरी ते दुसऱ्याकडे असावे.

किनाऱ्यावरील हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मार्च संपता संपता विरळ होत जातो. या सहा महिन्यांत रस्त्याच्या दुतर्फा टांगलेले सुती झगे, विणलेल्या झोळ्या आणि ठशांची उपरणी पाहून कोणालाही वाटावे की येथे वस्त्राला केवढी मागणी आहे. परंतु त्या मालाची चौकशी केली तर त्यातला फार मोठा भाग राजस्थान, गुजरात वा कर्नाटकातून गठ्ठ्यांनी आलेला असतो, आणि तो विकणाराही बहुधा तेथूनच आलेला असतो. गठ्ठ्याने खरेदी केलेल्या झग्याशी किमतीच्या बाबतीत स्पर्धा करणे हे घरी एकेक कपडा शिवणाऱ्या बाईच्या आवाक्यातले काम नव्हे, आणि तिने ते अंगावर घेऊही नये. मोप येथील विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाल्यापासून पेडणे महाल प्रवाशांच्या वाटेवर आला आहे खरा. तथापि विमानातून उतरलेला पाहुणा पेडण्याच्या बाजारात थांबतोच असे नाही.

उलट आतल्या गावांची मागणी पंचांगाला बांधलेली असते, म्हणून ती आधी ओळखता येते. कोजागिरीच्या सुमारास भरणारी पेडण्याची पुनव, वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावला भरणारी लईराईची जत्रा, भाद्रपदातील चवथ, फाल्गुनातील शिगमो आणि त्यांच्या मधल्या अवकाशात गावोगावच्या देवस्थानांचे वार्षिक उत्सव अशी ही मालिका वर्षभर चालते. लईराईच्या जत्रेला जाणाऱ्या धोंडांच्या, म्हणजे व्रतस्थ भक्तांच्या, हातातील वेताची काठी पाहावी: तिला रंगीत लोकरीचे दाट गोंडे लावलेले असतात, आणि ते गोंडे कात्रीने एकसारखे छाटून, दोऱ्याने आवळून हातानेच करावे लागतात. हा लहानसा जिन्नस दरवर्षी लागतो आणि त्याला परप्रांतीय स्पर्धक नाही. फुगडी आणि धालो सादर करणाऱ्या महिला मंडळांना एकाच रंगाची दहा-बारा पातळे व त्यांवर बेतलेल्या चोळ्या हव्या असतात. दशावतारी मंडळ्यांना व हौशी नाटकवाल्यांना झगे, शेले, अंगरखे लागतात. आणि ज्यांना नऊवारी नेसता येत नाही पण नेसायची हौस आहे अशा नव्या पिढीतील मुलींसाठी शिवलेली नऊवारी ही तर गेल्या काही वर्षांत मराठी मुलखात सर्वत्र खपणारी वस्तू झाली आहे. ती शिवणे वाटते तितके सोपे नाही. काष्ट्याच्या निऱ्या कंबरपट्टीत अशा बसवाव्या लागतात की उभे राहिल्यावर त्या सरळ पडाव्यात आणि मांडी घालून बसल्यावर ताणल्या जाऊ नयेत, शिवाय कंबरेच्या मापात दोन-तीन इंचांची सवड नाडीने वा हुकांनी ठेवावी लागते, कारण हे वस्त्र बहुधा एकीसाठी शिवले जाते आणि नेसतात मात्र घरातल्या चौघी.

गोव्याचे म्हणून जे एक वस्त्र सर्वांना ठाऊक आहे त्या कुणबी पातळाची हकीगत या व्यवसायात पडणाऱ्याने नीट समजून घ्यावी, कारण हस्तव्यवसाय कसा मरतो आणि कशाने जगतो याचा पाठ तीत आहे. तांबड्या रंगावर बारीक चौकडी असलेले हे जाड सुती पातळ शेतात राबणाऱ्या स्त्रीचे होते; ते आखूड, गुडघ्यापर्यंत नेसायचे, आणि त्याचा पदर खांद्यावर गाठ मारून बांधायचा, म्हणजे चिखलात वाकून रोप लावताना तो सुटू नये. कमी दराचे गिरणीचे आणि पुढे यंत्रमागाचे कापड गावोगाव पोचल्यावर या पातळाचे माग थंडावले, व नेसणाऱ्या वृद्ध स्त्रियांबरोबर ते पातळही दिसेनासे होऊ लागले. पेडण्याहून नदी ओलांडली की लागणाऱ्या कोलवाळ गावी राहणारे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 च्या सुमारास हे वस्त्र पुन्हा विणवून घेऊन, नव्या धाटणीच्या पोशाखांत वापरून, देशाच्या राजधानीतील फॅशनच्या रंगमंचावर आणले. गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ 2012 साली प्रसिद्ध झाला, 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2020 च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या खटपटीने कुणबी चौकडीला प्रतिष्ठा लाभली यात संशय नाही. पण प्रतिष्ठेच्या पाठोपाठ नक्कलही आली. आज तांबड्या चौकडीचे जे कापड ‘कुणबी’ म्हणून स्वस्तात मिळते त्यातले बरेचसे यंत्रमागावरचे, काही तर नुसते छापलेले असते. त्याचे कपडे शिवून विकण्यात गैर काही नाही. ते हातमागाचे म्हणून विकण्यात मात्र उघड लबाडी आहे. आणखी एक विवेक पाळावा. गावडा, कुणबी आणि वेळीप या जमातींना गोव्यात 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला; ज्यांचे हे वस्त्र आहे त्यांचा उल्लेख आदराने व्हावा, आणि पेडण्याच्या दुकानाने ते ‘आमच्या घराण्याची परंपरा’ म्हणून मिरवू नये. पेडण्या-डिचोलीला मिरवायला स्वतःचे पुष्कळ आहे.

कापड कोठून आणावे? या दोन्ही तालुक्यांना पुरेल इतके हातमागाचे कापड येथे विणले जात नाही, तेव्हा ते बाहेरून आणावे लागणार हे उघड आहे. किरकोळ गरजेसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जवळ पडतो. थोडी मोठी खरेदी करायची तर चोर्ला घाटाने बेळगावला जावे. तेथील शहापूर, वडगाव, खासबाग हे भाग विणकरांचे आहेत. चोळीच्या खणासाठी गुळेदगुड्ड हे गाव प्रसिद्ध आहे, परंतु पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे त्यातून कुडता बेतायचा तर जोड कोठे येईल याचा विचार कात्री लावण्यापूर्वी करावा लागतो. हातमागाचे कापड ओळखण्याची निरपवाद खूण अशी एकही नाही. तरीही काठाजवळ सुईने टोचल्यासारखी सूक्ष्म छिद्रे, आडव्या धाग्यांच्या घट्टपणात हाताच्या ठोक्याने येणारा किंचित कमीजास्तपणा, आणि उजेडासमोर धरल्यावर मधूनच दिसणारी धाग्याची गाठ एवढे पाहिले तर फसगत बरीच टळते. 2006 साली सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ हे शासकीय चिन्ह ज्यावर आहे असा माल घेणे सर्वांत निर्धोक.

कापड आणल्यावर लगेच बेतू नये. कोपऱ्यातून पन्नास सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद चौकोन पेन्सिलीने आखून तो तुकडा रात्रभर पाण्यात भिजत घालावा, सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावा. चौकोनाची उभी बाजू अठ्ठेचाळीस भरली तर कापड शेकडा चार आटले. म्हणजे एकशे दहा सेंटिमीटर लांबीचा कुडता पहिल्या धुण्यातच जवळजवळ साडेचार सेंटिमीटर वर चढणार, आणि गिऱ्हाईक तो घेऊन दाराशी येणार. म्हणून संपूर्ण कापड आधी पाण्यातून काढून मगच कात्री लावावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून पाहणे हीदेखील अशीच दोन मिनिटांची परीक्षा आहे, व तांबड्या रंगाच्या बाबतीत ती कधीही चुकवू नये. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत लोखंडी हूक गंजतात आणि त्याचा डाग कापडावर कायमचा बसतो, तेव्हा हूक पितळेचे घ्यावेत किंवा बटणे लावावीत.

हे सारे शिवणाऱ्या बाईला थोड्याफार अनुभवाने कळते. जे कळत नाही, किंवा कळूनही लिहिले जात नाही, ते तिच्या स्वतःच्या श्रमाचे मोल. घरगुती वस्त्रोद्योग बंद पडण्याची जी कारणे सांगितली जातात, मागणी नाही, जागा नाही, भांडवल नाही, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच एक गोष्ट आढळते: कापडाचे पैसे वहीत चढतात, दोऱ्या-बटणांचे चढतात, म्हापशाला जाण्यायेण्याचे बसभाडेही चढते, आणि जिने अकरा तास बसून तो कपडा शिवला तिची मजुरी मात्र कोठेच चढत नाही. मग शंभर-दीडशे रुपये ‘सुटले’ याचा आनंद होतो, आणि वर्षभराने डोळे दुखू लागल्यावर ध्यानात येते की सुटलेले ते पैसे म्हणजे नफा नव्हता, अर्धवट मजुरी होती.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे मानीव आहेत. प्रत्येकीने आपल्या बाजारातले घालावेत. हाताने भरतकाम केलेल्या एका कुडत्याला अडीच मीटर कापड, मीटरला 220 रुपये दराने 550, अस्तर, दोरा, बटणे मिळून 60, बेतणे व शिवणे पाच तास आणि भरतकाम सहा तास, ताशी 75 रुपये धरून 825, वीज व यंत्राची झीज 40, वेष्टन 30. एकूण 1505. शिवणीत काही नग बिघडतातच, त्यांचा भार चांगल्या नगांवर शेकडा पाच टाकला की रक्कम 1580 होते. हा कुडता दुसऱ्याच्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराने विक्रीवर शेकडा तीस दलाली घेतली, व आपल्याला शेकडा पंधरा नफा उरावा अशी अपेक्षा ठेवली, तर विक्रीची किंमत सुमारे 2870 रुपये ठेवावी लागते. येथे बहुतेकजणी दचकतात आणि किंमत उतरवतात, म्हणजे वस्तुतः आपली मजुरी कापतात. त्याऐवजी आराखडा बदलावा. भरतकाम सहा तासांऐवजी तीन तासांचे केले, गळ्यापुरते ठेवून बाह्यांवरचे गाळले, की खर्च 1344 वर येतो आणि त्याच हिशेबाने किंमत 2450 च्या आत बसते. मजुरीचा दर तोच राहिला. कमी झाले ते काम. या फरकाला कायद्याचेही एक अंग आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नगास 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर वस्तू व सेवा कर शेकडा पाच आणि त्याहून महागावर शेकडा अठरा झाला आहे. आपली उलाढाल लहान असल्याने आपण स्वतः करनोंदणीच्या बाहेर राहिलो तरी नोंदणीकृत दुकानदाराने तोच कपडा विकत घेऊन पुन्हा विकला की हा कर गिऱ्हाइकाच्या माथी येतो. मग 2870 चा कुडता त्याला 3387 ला पडतो आणि 2450 चा 2573 ला.

करनोंदणीची मर्यादा गोव्यात मालविक्रीसाठी वार्षिक 40 लाख रुपये आहे, आणि घरगुती उद्योगाला ती दूरची गोष्ट. पण पेडण्याच्या बाबतीत एक मौजेचा पेच उद्भवतो. पत्रादेवीची वेस ओलांडली की बांदा, पुढे सावंतवाडी. सोयरीक एक, बोली एक, बाजारहाट एक, आणि तरीही तेथे पाठवलेला माल कायद्याच्या दृष्टीने परराज्यात गेलेला माल. परराज्यात माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः नोंदणी करावी लागते. अधिसूचित यादीतील हस्तकलेच्या वस्तूंना यात अटींवर सवलत आहे. आपला माल त्या यादीत बसतो की नाही हे एखाद्या करसल्लागाराकडून एकदा विचारून घ्यावे, म्हणजे वाटेतल्या तपासणीत मामला तुंबत नाही.

बाकीचे दस्तऐवज फार नाहीत. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर संगणकावरून होते आणि तिला फी नाही. कोणी मध्यस्थ त्यासाठी हजार-दोन हजार मागू लागला तर त्याला नमस्कार करावा. दुकान काढल्यास पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा परवाना आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी लागते. एका शब्दाविषयी मात्र सावध राहावे. ‘खादी’ ही केवळ जाडेभरडे कापड दाखवणारी संज्ञा नव्हे. 1956 च्या कायद्याने हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड तीच खादी ठरते, आणि 2013 च्या नियमांनुसार खादी आयोगाचे प्रमाणपत्र व चिन्ह असल्याविना कोणालाही आपला माल त्या नावाने विकता येत नाही. ‘हातमागाच्या सुती कापडाचा कुडता’ असे लिहिले तर कोणी हरकत घेणार नाही.

भांडवलासाठी दरखास्त करायच्या योजना अनेक आहेत, त्यांतल्या दोनच येथे सांगतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंप्याचा व्यवसाय अंतर्भूत आहे. तीत प्रशिक्षणासह 15,000 रुपयांची अवजारे, आणि शेकडा पाच व्याजाने प्रथम एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांचे कर्ज तारणावाचून मिळते, मात्र लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला. थोडा मोठा व्याप मांडायचा असल्यास 2008 पासून चालत आलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण भागातील स्त्रीला स्वतःचे शेकडा पाच घालावे लागतात आणि प्रकल्पखर्चाच्या शेकडा पस्तीस अनुदान मिळते. चार लाखांचा प्रकल्प असेल तर पदरचे वीस हजार आणि अनुदान एक लाख चाळीस हजार. हे अनुदान हाती रोख पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत अडकवून ठेवले जाते, आणि तोवर हप्त्यांत कसूर झाली नाही तर कर्जात वळते होते. अनुदान मिळते म्हणून गरजेहून मोठे कर्ज काढणारे पुष्कळ असतात. एक चांगले शिलाईयंत्र, एक इंटरलॉक, बेतायला टेबल आणि तीन महिन्यांचे कापड यांहून अधिकाची आरंभी गरज नसते.

डिचोलीकरांना कर्जाच्या हप्त्यांविषयी वेगळे सांगायला नको. या तालुक्याचे अर्थकारण दीर्घकाळ लोहखनिजावर उभे होते. 2012 साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द ठरवल्यावर मार्च 2018 मध्ये परत थांबल्या. मालवाहू ट्रकांसाठी कर्ज काढलेल्या घरांना एकाच उत्पन्नावर भिस्त ठेवण्याचा परिणाम त्यावेळी पुरता कळला. अशा घरातील स्त्रीने शिलाईचे उत्पन्न घरखर्चाला जोड म्हणून धरावे हे स्वाभाविक आहे. पण त्याची रोजकीर्द घरखर्चाच्या वहीत मिसळू नये. एक जमाखर्चाची वही, एक गिऱ्हाइकांच्या मापांची, आणि बँकेत वेगळे खाते एवढी शिस्त पुरते. उधारीचे पान या वहीत असणारच, कारण गावात सगळे ओळखीचे. तरीही शिवायला घेताना निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच मानू नये, आणि तगाद्याला जावे लागेल अशा नात्यातल्या गिऱ्हाइकाला तर ती आधी मागावी.

पावसाळ्याचा विचार सर्वांच्या शेवटी करतात, तो खरे पाहता प्रथम करावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनारा ओस असतो, आषाढात धुतलेले कापड दोन दिवस वाळत नाही, कपाटातील सुती घड्यांवर बुरशीचे ठिपके उठतात. तयार माल या दिवसांत कोरड्या पेटीत, कडुनिंबाचा पाला वा डांबराच्या गोळ्या घालून, आठवड्यातून एकदा उघडून हवा देत सांभाळावा लागतो. चार महिन्यांपैकी पहिल्या दोहोंत शाळेच्या गणवेशांचे काम मिळते, ते कंटाळवाणे असले तरी सोडू नये. श्रावणात चवथीची शिलाई येते, आणि चवथीपूर्वीच्या पंधरवड्यात नवे काम घेऊन वेळ पाळता येत नाही, म्हणून त्या दिवसांचे नकार आधीच ठरवून ठेवावेत. पुनवेसाठी आणि किनाऱ्याच्या हंगामासाठी लागणारे भरतकाम याच काळात सावकाश करून ठेवता येते, परंतु त्याचे पैसे ऑक्टोबराआधी हाती पडत नाहीत. कापडाचे देणे, कर्जाचे चार हप्ते आणि स्वतःची मजुरी भागेल इतकी रोकड मे महिन्याच्या अखेरीस खात्यात शिल्लक नसेल, तर त्या वर्षी भाड्याचा गाळा घेऊ नये. घरच्या ओसरीवरच मशीन चालवावे.